पेशंटसमोर फोन काढावा का? आणि काढला तर कशासाठी?

मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका रेसिडेंटचा प्रश्न थोडक्यात असा: वॉर्डात पेशंटच्या कॉटशी उभं असताना डोस किंवा गाइडलाइन फोनवर बघायची वेळ वारंवार येते. बघितलं तर नातेवाईक एकमेकांकडे बघतात, मला येत नाही असं त्यांना वाटेल ही भीती असते, युनिटचे सर म्हणतात ‘परीक्षेला फोन घेऊन बसणार आहेस का?’, आणि न बघता लिहिलं तर रात्रभर डोक्यात तेच घोळत राहतं. म्हणून ड्यूटी रूममध्ये जाऊन गुपचूप बघून परत येतो. हे बरोबर आहे का, आणि ॲप कोणतं घ्यावं?

ॲपचं नंतर बोलू, त्यातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. मला खटकलं ते ड्यूटी रूमचं. तुम्हाला वाटतंय प्रश्न लाजेचा आहे. माझ्या मते तो माहितीचा आहे. फोनमध्ये गाइडलाइन असते, पण ती लावायला लागणारे आकडे कॉटवर असतात: वजन, लघवी किती झाली, श्वास मिनिटाला किती, भाजून किती तास झाले. तुम्ही ड्यूटी रूममध्ये गेलात की यातलं निम्मं मागे राहतं, आणि मग फोनने विचारलेल्या रकान्यात अंदाजाने काहीतरी भरलं जातं. उत्तर मात्र दशांशचिन्हासकट येतं, त्यामुळे ते अंदाजाचं आहे हे दोन मिनिटांत विसरायला होतं.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करते. आयसीयूत आणि ओपीडीत एकच नियम चालत नाही. तुमच्या वॉर्डात नेटवर्क येतं का, हॉस्पिटलचं फोनबद्दल काय धोरण आहे, सर कसे आहेत, यावर बरंच ठरतं. मी पुढे लिहिते ते जनरल मेडिसिनच्या वॉर्डात वर्षानुवर्षं राउंड घेऊन आणि रेसिडेंट्सना शिकवून जमलेलं आहे. सर्जरीच्या किंवा नवजात बाळांच्या युनिटमधली मंडळी काही मुद्द्यांवर वेगळं सांगतील.

कॉटशी उभं राहून पुरावा शोधणं ही काही फोनबरोबर आलेली टूम नाही. एव्हिडन्स बेस्ड मेडिसिनचे, म्हणजे संशोधनाच्या पुराव्यावरून उपचार ठरवण्याच्या पद्धतीचे, एक प्रमुख प्रवर्तक डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकारी शॅरन स्ट्रॉस यांनी ऑक्सफर्डमध्ये राउंडबरोबर चक्क एक ढकलगाडी फिरवली होती. तिच्यावर लॅपटॉप, प्रोजेक्टर, पुराव्यांचे सारांश असं सगळं सामान. त्यांनी १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मला त्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो गाडी काढून घेतल्यानंतरचा. डॉक्टरांना प्रश्न पडायचे थांबले नाहीत, पण ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेल्या त्या प्रश्नांपैकी फारच थोडे नंतर कुणी खरंच शोधले. राउंड संपल्यावर नवीन ॲडमिशन येते, डिस्चार्ज समरी लिहायच्या असतात, आणि प्रश्न विरून जातो. ती गाडी वॉर्डभर न्यायला अवजड होती, आज तिच्यापेक्षा जास्त सामान तुमच्या ॲप्रनच्या खिशात आहे. तेव्हा ‘बघावं का’ याचं माझं उत्तर हो असंच आहे. मात्र सगळेच प्रश्न फोनला विचारायचे नसतात.

काही गोष्टी डोक्यातच हव्यात. कार्डियाक अरेस्टमध्ये ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. हे फोनवर शोधणारा डॉक्टर मला चालणार नाही, आणि इथे तुमचे सर पूर्ण बरोबर आहेत. साखर कमी झालेला बेशुद्ध पेशंट, फिट न थांबणारा पेशंट, यांच्या पहिल्या पाच मिनिटांचंही तसंच. त्यासाठी क्रॅश कार्टवर (इमर्जन्सीच्या औषधांच्या गाडीवर) लॅमिनेट केलेला तक्ता फोनपेक्षा बरा: त्याला पासवर्ड नसतो आणि हातमोजे घालूनही तो वाचता येतो.

दुसऱ्या टोकाला विचाराचे प्रश्न असतात. या बाईंचा ताप नक्की कशाचा आहे, या आजोबांना रक्त पातळ करणारं औषध द्यावं की पडण्याचा धोका मोठा मानावा. असल्या प्रश्नांची उत्तरं कॉटशी उभं राहून स्क्रोल करत सापडत नाहीत. यासाठी खुर्ची लागते, चहा लागतो, सीनियरशी वाद लागतो. इथे मात्र ड्यूटी रूममध्ये जा, खुशाल जा.

मधला मोठा गठ्ठा उरतो तो डोस, स्कोअर, कट-ऑफ, औषधांची आपसातली भांडणं, किडनीप्रमाणे करायचे बदल यांचा. हे पाठ करण्यात काही मोठेपणा नाही आणि हेच कॉटशी बघायचं. एक उदाहरण जरा जवळून बघू.

७८ वर्षांच्या आजी, पायाला सूज, डॉप्लरमध्ये डीव्हीटी, म्हणजे पायाच्या खोल शिरेत गुठळी. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवर ते कदाचित नॉर्मलच्या जरासं वर दिसेल, एवढंच. एनॉक्सापॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, सुरू करायचं आहे. ड्यूटी रूममध्ये बसलेला रेसिडेंट वजनाच्या रकान्यात ६० टाकतो, कारण केसपेपरवर वजन लिहिलेलंच नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते याचा अंदाज, येतो साधारण ३७. ३० च्या वर आहे, म्हणजे किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा: ६० मिलिग्रॅम दोनदा. आता कॉटशी या. आजींकडे बघितल्याबरोबर कळतं की या ६० किलोच्या नाहीत. काट्यावर उभं केलं तर भरल्या ४५. क्लिअरन्स येतो २७. ३० च्या खाली गेल्यामुळे डोस दिवसातून एकदाच, आणि वजनही कमी म्हणून तो ४५ मिलिग्रॅम. एकीकडे दिवसाला १२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४५. गाइडलाइन तीच, ॲप तेच, सूत्र तेच.

याच आजींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. लॅबने रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, छापलेला असतो, तो बहुधा सीकेडी-ईपीआय नावाच्या दुसऱ्या सूत्राने. २०२१ चं सूत्र लावलं तर त्यांचा आकडा येतो ४६ च्या आसपास. मग खरं कोण, २७ की ४६? दोन्ही सूत्रं आपापल्या जागी ठीक आहेत. फरकाचं एक मोठं कारण असं की ईजीएफआर १.७३ चौरस मीटर शरीरासाठी सांगितलेला असतो, आणि आजी त्यापेक्षा बऱ्याच लहानखुऱ्या आहेत. किडनीचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवायला ईजीएफआर वापरा. पण एनॉक्सापॅरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या डोसची कट-ऑफ कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर बेतलेली आहेत, तिथे तेच सूत्र घ्यायचं. आणि क्रिएटिनिन रोज चढत असेल, म्हणजे किडनीला ताजी इजा झाली असेल, तर दोन्हींवर भरवसा नको. कालचा १.२ आज २.४ झाला असेल तर सूत्राने काढलेला आजचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. हे बऱ्याच ॲपमध्ये खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि आपण उत्तर दिसलं की तिथपर्यंत जात नाही.

एककांचा घोळ हा दुसरा धोका. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला कर्ब-६५ स्कोअर सगळेच वापरतात: गोंधळलेपणा, रक्तात युरिया जास्त, श्वास ३० किंवा जास्त, ब्लड प्रेशर कमी, वय ६५ किंवा जास्त, प्रत्येकाला एक गुण. यातला युरियाचा रकाना कॅल्क्युलेटरमध्ये बऱ्याचदा ‘बीयूएन’ म्हणून येतो, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. तुमच्या लॅबने दिलेला असतो ‘ब्लड युरिया’. दोन्ही मिलिग्रॅममध्येच, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. पण ब्लड युरिया हा बीयूएनच्या २.१४ पट असतो. कट-ऑफ बीयूएनला १९ च्या वर, ब्लड युरियाला साधारण ४२ च्या वर. ६७ वर्षांचा पेशंट, बाकी सगळं ठीक, ब्लड युरिया ३८. खरा स्कोअर १, म्हणजे घरी औषध देऊन पाठवायचा विचार करता येतो. ३८ हा आकडा तसाच बीयूएनच्या रकान्यात टाकला की स्कोअर २ आणि पेशंट ॲडमिट. उलटा घोळही होतो, आणि तो जास्त वाईट.

भाजलेल्या पेशंटचं उदाहरण यासाठीच देते की तिथे एक आकडा फक्त नातेवाइकांकडेच असतो. सलाईन किती द्यायचं याचं पार्कलँड सूत्र: ४ मिलिलिटर, गुणिले वजन, गुणिले भाजल्याची टक्केवारी. ७० किलोचा माणूस, ३० टक्के भाजलेला, म्हणजे २४ तासांत ८,४०० मिलिलिटर, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे, तुमच्याकडे आल्यापासून नव्हे. तो तीन तासांनी पोचला असेल आणि वाटेत काही दिलेलं नसेल तर ४,२०० मिलिलिटर पाच तासांत द्यायचे, म्हणजे ताशी ८४०. आल्यापासून मोजलं तर ताशी ५२५. भाजलं केव्हा हे विचारायला कॉटशीच जावं लागतं.

आणि तिथेच गाइडलाइनच्या आवृत्तीचाही प्रश्न येतो. २०१८ च्या एटीएलएसमध्ये (जखमींच्या उपचारांच्या अभ्यासक्रमात) ज्वाळेने भाजलेल्या मोठ्या माणसाला सुरुवात ४ ऐवजी २ मिलिलिटरने करून मग लघवीच्या प्रमाणावर सलाईन कमी-जास्त करायला सांगितलं आहे, कारण जास्त पाण्यानेही नुकसान होतं. विजेने भाजलेल्यांना ४ कायम. आता तुमच्या फोनमधलं कॅल्क्युलेटर कोणता आकडा धरतंय? ते माहीत नसेल तर उत्तर दुपटीने चुकू शकतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. सेप्सिसचं, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याचं, तसंच. त्याची गाइडलाइन काढणाऱ्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनने २०१६ मध्ये किलोला ३० मिलिलिटर सलाईनची शिफारस ठामपणे केली होती. २०२१ मध्ये आकडा तोच ठेवला, पण शिफारस ‘सुचवतो’ इतपत सौम्य केली. त्याच वेळी क्यूसोफा या झटपट स्कोअरवर एकट्यावर विसंबून सेप्सिस हुडकू नका असंही सांगितलं. ज्याच्या फोनमध्ये जुनी पीडीएफ डाउनलोड करून ठेवलेली आहे, तो आत्मविश्वासाने जुनं वाचून दाखवतो.

म्हणून गाइडलाइन उघडल्यावर शिफारशीच्या आधी दोन गोष्टी बघायची सवय लावा: वर्ष कोणतं, आणि शब्द ‘शिफारस करतो’ आहे की ‘सुचवतो’. ग्रेड या शिफारशींचा जोर ठरवायच्या पद्धतीने लिहिलेल्या गाइडलाइनमध्ये या दोन शब्दांत मुद्दाम फरक केलेला असतो. पहिला म्हणजे जवळजवळ सगळ्यांना करा, दुसरा म्हणजे समोरच्या माणसाकडे बघून ठरवा. हार्ट फेल असलेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला ३० मिलिलिटर धाडधाड द्यायचे की थोडं देऊन परत तपासायचं, हे त्या ‘सुचवतो’मध्येच आलं. रेसिडेंट मंडळी दोन्ही सारख्याच जोरात वाचतात, हे मी दर वर्षी बघते.

आता लाजेचं. पेशंटसमोर काही न बोलता फोनमध्ये मान घातली तर तुम्ही मेसेज वाचताय असंच कोणालाही वाटणार, आणि वाटलंच पाहिजे. फोन काढायच्या आधी एक वाक्य बोला. मी म्हणते, ‘आजी, या इंजेक्शनचा डोस वजनावर आणि किडनीवर ठरतो, तो इथेच मोजून बघते.’ एवढ्याने खोलीतली हवा बदलते. कित्येकदा मुलगा लगेच सांगतो की महिन्याभरात चार किलो उतरलंय, किंवा सून पिशवीतून एक गोळी काढते जी केसपेपरवर नव्हतीच. स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला हरकत नाही, विशेषतः दोन औषधं एकत्र चालतील का हे बघताना. एक पथ्य पाळा: पेशंट बोलत असताना, रडत असताना, किंवा वाईट बातमी सांगताना फोन बाहेर नको. तेव्हा कितीही उपयोगाची गोष्ट शोधत असलात तरी ती थांबू शकते.

तुम्ही ‘मला येत नाही असं वाटेल’ म्हणता. ज्या डॉक्टरला रोग ओळखता येतो, हात लावून तपासता येतं आणि जो डोस मात्र मोजून लिहितो, त्याच्याबद्दल असं सहसा कोणाला वाटत नाही. तपासायच्या आधीच फोन काढणाऱ्याबद्दल वाटतं. क्रम पाळा: आधी हात, मग फोन.

सरांसाठी एक युक्ती आहे, आणि ती तुमच्याही फायद्याची आहे. फोन उघडायच्या आधी स्वतःचं उत्तर मोठ्याने सांगा. ‘सर, क्लिअरन्स तिसाच्या आसपास असेल, डोस एकदाच द्यावा लागेल असं वाटतंय, मोजून बघतो.’ अंदाज आणि मोजणी जुळली तर पाठ होतं. फार फरक पडला तर दोन्हींपैकी एक चुकलंय आणि ते लगेच शोधायचं. अंदाज न करता थेट बघणाऱ्याला २७ च्या जागी २७० आले तरी खटकत नाही. माझ्या युनिटमध्ये हा नियमच आहे, आणि ‘पाठ करा’ म्हणणाऱ्या सरांना यात आक्षेप घेण्यासारखं फारसं सापडत नाही.

बाकीचं भराभर. राउंडला फोन डू नॉट डिस्टर्बवर ठेवा. डोस मोजताना मध्येच कुणाचा वाढदिवसाचा मेसेज टपकला की एखादा शून्य इकडेतिकडे होतो. हातमोजे घालून फोनला हात लावायचा नाही, आणि फोन हाताळून झाल्यावर पेशंटला हात लावायच्या आधी हात स्वच्छ करायचे. फोनसुद्धा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने रोज पुसा, कव्हर काढून. आयसोलेशनच्या खोलीत स्वतःचा फोन नेऊच नका, बाहेरच्या सहकाऱ्याला आकडे सांगा आणि त्याला मोजू द्या. ॲपमध्ये पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक कधी टाकू नका, कॅल्क्युलेटरला त्यांची गरज नसते. एक्स-रेचा फोटो ग्रुपवर टाकून ‘काय वाटतं?’ विचारायची सवय असेल तर मोडा.

चॅटबॉटबद्दल हल्ली प्रत्येक बॅच विचारते. भाषा गोड असते, पण हे वाक्य कोणत्या गाइडलाइनच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतून आलं हे खात्रीने कळत नाही, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. ड्यूटी रूममध्ये निदानाच्या शक्यता चाळायला वापरलात तर मी काही म्हणणार नाही. डोससाठी नको.

ॲप कोणतं? एकाचं नाव घेऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. सगळ्यात वर तुमच्या हॉस्पिटलचं स्वतःचं अँटिबायोटिक धोरण, असेल तर, कारण तिथले जंतू कशाला दाद देतात ते त्यालाच माहीत. ते नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं अवेअर अँटिबायोटिक पुस्तक मोफत आहे आणि त्यात ॲक्सेस, वॉच, रिझर्व्ह असे गट करून कोणतं आधी वापरायचं ते सुटसुटीत दिलं आहे. स्कोअरसाठी एमडीकॅल्कसारखं, जिथे सूत्र, मूळ अभ्यास आणि कुठे वापरू नये हे तिघंही दिसतात, असं काहीतरी. औषधांच्या डोससाठी एक विश्वासार्ह फॉर्म्युलरी, म्हणजे औषधांची डोससकट यादी. तीनच्या वर ॲप ठेवू नका. निवडताना पाहायचं ते एवढंच: नेटशिवाय चालतं का, शेवटचं अद्ययावत केव्हा झालं हे पहिल्या पानावर दिसतं का, एकक बदलता येतं का, आणि पैसा कोणाचा आहे. मोफत ॲपचा खर्च औषध कंपनी करत असेल तर तिचं औषध यादीत वर दिसण्याची शक्यता धरूनच वाचा.

आणि बघून झाल्यावर केसपेपरवर लिहा. ‘वजन ४५ किलो, काट्यावर. क्रिएटिनिन १.२, स्थिर. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट २७. एनॉक्सापॅरिन ४५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, परवा क्रिएटिनिन परत.’ दीड ओळ लागते. रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला मग ‘हा डोस एकदाच का लिहिलाय, चुकून राहिला का’ म्हणून तो वाढवावासा वाटत नाही, आणि परवा क्रिएटिनिन बदललं तर कोणता आकडा बदलून परत मोजायचं हेही त्याला समोर दिसतं. गाइडलाइनच्या सांगण्यापेक्षा वेगळं काही केलंत तर तेही, कारणासकट, त्याच दीड ओळीत येऊ द्या.